मुख्याध्यापकांचा निर्णय : नियम, नीती आणि कोल्हापूरचा वारसा

कोल्हापूर - दिवाळी संपते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि जिल्ह्याच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. बीडसारख्या दुष्काळी भागातून आलेल्या या कुटुंबांबरोबर शाळेच्या वयाची मुलेही असतात. त्यांचे नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल मात्र येथे फडात असते. अशा एखाद्या मुलाला घेऊन त्याची आई जवळच्या शाळेत येते. तिच्याजवळ दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही आणि मार्च संपताच ती परत जाणार आहे. मुलाला वर्गात बसवून घ्यायचे की कागद आणण्यास सांगून परत पाठवायचे, हे त्या क्षणी मुख्याध्यापकांनाच ठरवावे लागते. या निर्णयाची बातमी होत नाही. त्या मुलाचे पुढील चार महिने मात्र त्यावरच ठरतात.

शाळेतील नैतिक नेतृत्व हा शब्दप्रयोग अलीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत वारंवार ऐकू येतो. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून तो आपल्याकडे आला असला, तरी त्यामागील प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. शाळा कोणासाठी, तिच्या दारात कोणाला उभे करायचे आणि हे ठरविणाऱ्याने कोणाला उत्तर द्यायचे, या तिन्ही प्रश्नांना या शहराने शंभर वर्षांपूर्वीच हात घातला होता. हा वारसा, आजचा कायदा आणि मुख्याध्यापकांपुढे नित्य उभे राहणारे पेच यांचा हा आढावा.

नैतिक निर्णय म्हणजे काय?

शाळेतील बहुतेक निर्णय नियमाने होतात. वेळापत्रक, सुट्ट्या, वेतनबिले, परीक्षेची आसनव्यवस्था यांत नीतीचा प्रश्न सहसा येत नाही. दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या आड येतात किंवा योग्य गोष्टीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, तेव्हा तो प्रश्न उपस्थित होतो. शिस्त हवी आणि मुलाचा सन्मानही हवा. शाळेचे नाव राखायचे आणि सत्यही सांगायचे. संस्थेशी निष्ठा ठेवायची आणि विद्यार्थ्याचे हितही पाहायचे. अशा वेळी मुख्याध्यापक कोणती बाजू उचलतात, ती का उचलतात आणि ते कारण सर्वांसमोर सांगू शकतात की नाही, यावरून त्यांच्या नेतृत्वाची पारख होते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. कायद्याचे पालन ही नैतिकतेची पहिली पायरी आहे. तिला शेवटची पायरी समजणे चुकीचे ठरेल. एखादा निर्णय नियमात बसूनही अन्यायकारक असू शकतो. त्याचप्रमाणे चांगल्या हेतूने नियम मोडणारा मुख्याध्यापक उद्या वाईट हेतूने नियम मोडणाऱ्याला वाट करून देतो. म्हणूनच चांगल्या हेतूला चांगल्या पद्धतीची जोड लागते. शाहू छत्रपतींच्या निर्णयांकडे या दृष्टीने पाहिल्यास बरेच काही हाती लागते.

शाहूंचे तीन निर्णय

राजर्षी शाहू छत्रपती २ एप्रिल १८९४ रोजी करवीरच्या गादीवर आले. शिक्षणासाठी खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांना राहण्याची सोय नाही, हे ध्यानात आल्यावर १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढण्यात आले. दार सर्वांना उघडे होते. परंतु प्रत्यक्षात काही काळातच तेथे एकाच उच्चवर्णीय समाजाचे विद्यार्थी उरले. नियम समान असूनही परिणाम विषम झाला. शाहूंनी हा परिणाम पाहिला आणि मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच सुमारास जैन विद्यार्थ्यांची सोय झाली आणि पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी आदी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

जातवार वसतिगृहे काढणारे शाहू जातिभेद मानत होते काय, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या पुढील निर्णयात आहे. १९१९ च्या दसऱ्यापासून त्यांनी संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत दाखल करून घेण्याचा हुकूम दिला. वसतिगृह हे शहरात टिकून राहण्याचे साधन होते, तर स्वतंत्र शाळा हा वेगळेपणाचा शिक्का होता. म्हणून एक वाढविले आणि दुसरी मिटविली. दोन्हींमागील उद्देश एकच होता. साधनाला चिकटून न राहता उद्देशाला चिकटून राहणे, हा नैतिक निर्णयाचा पहिला धडा येथे मिळतो.

दुसरा धडा २६ जुलै १९०२ च्या हुकमात आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी किमान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना देण्याचा हा हुकूम सर्वपरिचित आहे. त्यातील एका कलमाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने या आदेशाची अंमलबजावणी किती झाली, याचे तिमाही पत्रक सादर करावे, असे त्यात बजावले होते. केवळ इच्छा व्यक्त करून शाहू थांबले नाहीत; ती मोजण्याची व्यवस्थाही त्यांनी केली.

तिसरा धडा जबाबदारीचा आहे. १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. सक्ती पालकांवर होती, तसा शाळा पुरविण्याचा भार दरबारनेही उचलला होता. जानेवारी १९१९ मध्ये अस्पृश्यांना समतेने वागविण्यासंबंधी हुकूम निघाले, तेव्हा ज्या अधिकाऱ्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. आदेश मोडल्यास काय होईल, हे आधीच सांगितलेले होते. कोणाला गाफील पकडण्याचा त्यात हेतू नव्हता.

कर्मवीरांनी मोजलेली किंमत

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. विद्यार्थिदशेत एका नियमाला नकार देणाऱ्या या तरुणाने पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत आणि एकत्र राहत. महात्मा गांधींच्या उपस्थितीत १९२७ मध्ये त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. वसतिगृहात धान्य नसताना लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले.

कर्मवीरांच्या निर्णयक्षमतेची खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारच्या धोरणावर त्यांनी जाहीर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे शिक्षण पणाला लागले होते. संस्थाप्रमुखाने गप्प बसून संस्था वाचवावी, की मत राखून संस्थेला संकटात टाकावे? हा पेच सोपा नाही, कारण त्याची झळ निर्णय घेणाऱ्यापेक्षा इतरांना अधिक बसते. भाऊरावांनी मत सोडले नाही. त्याच वेळी ते लोकांत गेले, त्यांनी गावोगाव मदत मागितली आणि शाळा चालू ठेवल्या. पुढे अनुदान पूर्ववत झाले. तत्त्वासाठी झळ सोसायची, तर तिची पहिली आच स्वतःला लागली पाहिजे, हे या घटनेचे मर्म आहे. 'कमवा आणि शिका' या योजनेने विद्यार्थ्यालाही हीच शिकवण दिली.

नाईक, साळुंखे आणि लीलाताई

कोल्हापूरच्या या परंपरेत आणखी तीन नावे घ्यावी लागतात. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकावे, ही शेजारशाळेची कल्पना कोठारी आयोगाने आग्रहाने मांडली. ती देशाने पुरती स्वीकारली नाही. तरीही प्रवेशाचा कोणताही वाद निघाला की तिची आठवण होतेच.

डॉ. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली. ज्ञान, विज्ञान आणि सुसंस्कार यांसाठी शिक्षणप्रसार हे तिचे ब्रीद आहे. दुर्गम भागांत शाळा काढताना शिक्षकाचे आचरण हाच शाळेचा पाया आहे, अशी त्यांची धारणा होती.

लीलाताई पाटील (१९२७-२०२०) यांनी निवृत्तीनंतर, १९८५ मध्ये, कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आयुष्य घालविलेल्या लीलाताईंनी लहान मुलांची शाळा निवडली, ती मराठी माध्यमाची. शिकण्यात भीती नसावी, शिक्षा नसावी, मुलाला दुसऱ्या मुलाशी तोलू नये, हा त्यांचा आग्रह होता. पहिला क्रमांक हीच शाळेची जाहिरात मानण्याच्या काळात असा आग्रह धरणे, हासुद्धा एक नैतिक निर्णयच होता. 'ऐलमा पैलमा शिक्षण देवा' यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी आपले प्रयोग आणि त्यांतील अडचणीही मांडल्या.

आज कोणाच्या हाती काय?

मुख्याध्यापक हा शाळेचा राजा नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. त्याच्या वर, खाली आणि शेजारी अनेक अधिकार उभे आहेत. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी ठरविल्या आहेत. एखाद्या शिक्षकावर कारवाई करायची झाल्यास तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागते. तीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या कर्मचाऱ्याने सुचविलेला आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील असतो. बडतर्फ झालेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. संस्थाचालकाची खप्पामर्जी हे नोकरी जाण्याचे कारण होऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. मुख्याध्यापकाला स्वतंत्र मत ठेवता यावे, यासाठीही हेच संरक्षण उपयोगी पडते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच असते, हे खरे आहे. पण ती जागी असेल, तर मुख्याध्यापकाला तिच्यासारखा आधार नाही. राजकीय दबाव आला असता 'समितीपुढे ठेवतो' हे वाक्य अनेक संकटे परतवून लावते.

पाच नित्याचे पेच

पहिला पेच प्रवेशाचा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दुसऱ्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला तरी मुलाला थांबवून ठेवता येत नाही आणि मोठ्या वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावयाचे आहे, हे २००९ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. दाखला देण्यास विलंब लावणारे मुख्याध्यापक कारवाईस पात्र ठरतात. म्हणजे ऊसतोड मजुराच्या मुलाबाबत कायदा आणि नीती एकाच बाजूला आहेत. आड येते ती सवय. मुलाचे पुढे काय होणार, मार्चनंतर त्याची नोंद कोठे जाणार, याची काळजी घेणे हे मात्र कायद्याच्या पलीकडचे काम आहे. गावाकडील शाळेला दूरध्वनी करून मुलाची प्रगती कळविणारा मुख्याध्यापक ते काम करतो.

प्रवेशाचा दुसरा चेहरा याच्या उलट आहे. जरगनगर येथील महापालिकेच्या शाळेत आपल्या पाल्याला प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आधीपासून रांगा लावतात, हे कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. सरकारी शाळेसाठी रांग लागावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जागा थोड्या आणि इच्छुक अधिक असले की न्याय्य वाटप कसे करायचे, हा प्रश्न येतोच. रांगेत आधी येणाऱ्याला प्राधान्य दिले, तर रात्र जागून काढू न शकणारी मोलकरीण मागे राहते. सोडत काढली, तर शाळेला लागून असलेल्या घरातील मूल बाहेर राहू शकते. अंतराचा निकष लावला, तर भाड्याने घर घेणाऱ्याची चलती होते. निर्दोष पद्धत यांपैकी एकही नाही. निकष आधी जाहीर करणे, तो सर्वांना सारखा लावणे आणि चिठ्ठी-चपाटीला थारा न देणे, एवढेच मुख्याध्यापकांच्या हाती असते, आणि ते थोडे नाही.

वंचित व दुर्बल घटकांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा राखण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियमात बदल करून एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. जागा मिळाली, तरी त्या मुलाला सहलीत, स्नेहसंमेलनात आणि डब्याच्या वेळी परके वाटू नये, हे कोणतेही न्यायालय पाहू शकत नाही. ते वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांनाच पाहावे लागते.

दुसरा पेच शिक्षेचा. 'छडी लागे छमछम' हे पूर्वी कौतुकाने म्हटले जाई. २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी घातली आहे. तरीही 'आम्हीही मार खाऊनच मोठे झालो' असे सांगणारे पालक आजही भेटतात, आणि काही जण तर मुलाला मारण्याची परवानगी स्वतःहून देऊ करतात. अशी परवानगी पालकालाही देता येत नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे. चांगल्या शिक्षकाच्या हातून रागाच्या भरात एखादी चापट बसते, तेव्हा मुख्याध्यापकांची परीक्षा असते. प्रकरण दाबले तर पुढच्याला मोकळीक मिळते आणि शिक्षकाला एकदम बळी दिले तर शिक्षकवर्गाचा विश्वास जातो. घटना लेखी नोंदवावी, मुलाची व पालकांची भेट घ्यावी, शिक्षकाचे म्हणणे ऐकावे आणि नियमाप्रमाणे पुढील कार्यवाही करावी, हाच मार्ग दोघांनाही न्याय देतो.

तिसरा पेच पटाचा आणि परीक्षेचा. विद्यार्थिसंख्येवर शिक्षकांची पदे मंजूर होतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे शाळेत न येणाऱ्या मुलांची नावे पटावर ठेवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा मोठ्या संख्येने विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. सहकाऱ्याची नोकरी वाचावी हा हेतू वाईट नाही. पण खोट्या हजेरीने शाळाबाह्य मूल दिसेनासे होते. पटावर नाव असलेल्या मुलाला शोधायला कोणी जात नाही. दुसऱ्या बाजूला, २०१७ च्या अखेरीस राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला, तेव्हा खरा पट सांगणाऱ्या डोंगराळ भागातील शाळांनाच त्याची झळ बसली. प्रामाणिकपणाची शिक्षा होणार असेल, तर शासनाच्या निकषांचीही नैतिक तपासणी व्हायला हवी.

परीक्षेबाबतही तेच. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात. दहावीचा निकाल ही शाळेची अब्रू मानली जाते. १९८२ च्या कायद्याने परीक्षेतील गैरप्रकार गुन्हा ठरविले आहेत. तरीही पर्यवेक्षकाने तोंड फिरविले, तर शंभर टक्के निकालाची तोरणे बांधता येतात. ज्या मुलाने वर्षभर अभ्यास केला, त्याच्या पदरात त्या दिवशी काय पडते, याचा विचार निकालाच्या फलकावर दिसत नाही.

चौथा पेच नेमणुकीचा आणि पैशाचा. शिक्षक होण्यासाठी पैसे मोजलेला माणूस वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ कसा देणार, हा सामान्य माणसाचा प्रश्न रास्त आहे. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात बाहेर आले आणि पुढील वर्षी ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळख क्रमांकांच्या आधारे वेतने काढल्याचे प्रकरण गाजले. अशा व्यवहारांत कोठे ना कोठे मुख्याध्यापकाची सही लागते. 'वरून सांगितले' हे उत्तर चौकशीत टिकत नाही आणि मनालाही पुरत नाही. पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या पैशाचेही तसेच. देणगीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००९ च्या कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. शुल्काचे नियमन करणाऱ्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्क ठरविण्यात स्थान दिले आहे. 'स्वेच्छेने' दिलेली रक्कम प्रवेशाच्या आधी मागितली जात असेल, तर ती स्वेच्छेची नव्हे, हे ओळखण्यास वकील लागत नाही.

पाचवा पेच सर्वांत गंभीर आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली असता ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. माहिती दडविल्यास शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील कर्मचाऱ्याचा असा गुन्हा न कळविल्यास ती एक वर्षापर्यंतच्या कैदेची असू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील घटनेनंतर तक्रारीची दखल घेण्यास झालेल्या विलंबावरून राज्यात संताप उसळला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. येथे मुख्याध्यापकांनी 'आधी आपण चौकशी करू, शाळेचे नाव खराब होईल' असा विचार करणे कायद्याने चूक आहे आणि माणुसकीनेही. गुन्हा घडला की नाही, हे ठरविणे शाळेचे काम नाही. कळविणे, मुलाला आधार देणे आणि त्याची ओळख गुप्त राखणे, हे तिचे काम आहे. इतर चार पेचांत विचाराला वेळ आहे. या पेचात उशीर हाच अपराध आहे.

निर्णय कसा घ्यावा?

या सर्व उदाहरणांतून एक कार्यपद्धती हाती येते. प्रथम वस्तुस्थिती तपासावी. ऐकीव माहितीवर दिलेला निकाल बहुधा चुकतो. नंतर नियम पाहावा. अनेक पेच नियम वाचताच सुटतात, कारण बहुसंख्य मुख्याध्यापकांपुढे अडचण असते ती कायद्याच्या अभावाची नव्हे, अज्ञानाची. त्यानंतर या निर्णयाची झळ कोणाला बसणार, याची यादी करावी आणि त्यांतील सर्वांत दुबळ्याचे म्हणणे आवर्जून ऐकावे. बहुतेक वेळा ते मूल असते आणि बैठकीत ते नसते. मग निर्णय कारणांसह लेखी नोंदवावा. जे कारण लिहिता येत नाही, ते कारण योग्य नसण्याचीच शक्यता अधिक. शेवटी काही काळाने परिणाम तपासावा आणि चूक झाली असल्यास ती मान्य करून मार्ग बदलावा. १८९६ चे वसतिगृह फसले तेव्हा शाहूंनी हेच केले होते.

मुख्याध्यापकांना एकट्याने हे पेलणे कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे. शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणूक व जनगणनेची कामे यांत त्यांचा दिवस जातो. महापुरात शाळेच्या वर्गखोल्यांत छावण्या उघडाव्या लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत या जिल्ह्याने ते अनुभवले. अशा वेळी शेजारच्या शाळेतील अनुभवी सहकाऱ्याशी केलेली मोकळी चर्चा परिपत्रकापेक्षा अधिक कामी येते.

पालकांनी काय पाहावे?

शाळा निवडताना पालक इमारत, माध्यम आणि निकाल पाहतात. त्यांनी आणखी काही प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रवेशाचे निकष फलकावर लावले आहेत काय? शुल्काची पावती पूर्ण रकमेची मिळते काय? व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीची नोंद पाहायला मिळते काय? तक्रारपेटी कोण आणि केव्हा उघडते? मागील तक्रारीचे काय झाले, हे सांगितले जाते काय? याबाबत समाधान न झाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत तिचा निर्णय होणे कायद्याला अपेक्षित आहे. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचेही दार उघडे आहे. मात्र आपल्या पाल्यासाठी वशिल्याची चिठ्ठी आणणाऱ्या पालकाने शाळेकडून नीतीची अपेक्षा करू नये, हेही तितकेच खरे.

दरवर्षी २६ जूनला शाहू जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. प्रभातफेऱ्या निघतात, भाषणे होतात, दसरा चौकातील पुतळ्याला हार घातले जातात. त्याच आठवड्यात कोठल्या तरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखल्यावाचून आलेल्या मुलाचा अर्ज पडलेला असतो. त्या अर्जावर कोणता शेरा लिहिला जातो, यावर त्या शाळेपुरती तरी शाहू जयंती साजरी झाली की नाही, हे ठरत असते.